शिधा, पंगत आणि काला

गेल्या माघात आमच्या दिल्लीच्या सरकारी निवासस्थानी एक मेजवानी झाली. तिचा बेत माझ्या कन्येचा. पाहुण्यांपुढे तयार अन्न ठेवायचे नाही. आंबवलेल्या मैद्याचे गोळे, टोमॅटोची चटणी, किसलेले चीज आणि चिरलेल्या भाज्यांच्या वाट्या एका लांब मेजावर मांडायच्या, आणि ज्याने त्याने आपापला पिझ्झा आपल्या हाताने करून घ्यायचा, अशी ती योजना. मोठ्या शहरांतील पुष्कळ घरांत हल्ली असा बेत होतो. मला तो प्रथम पोरकट वाटला, मग सोयीचा वाटला, आणि मेजवानीच्या दिवशी दुपारपर्यंत तर मी त्याचा कट्टर पुरस्कर्ता झालो होतो.

त्या संध्याकाळी आम्ही १४ माणसे होतो. घरची आम्ही तिघे. माझ्या खात्यातील एक तमिळ दांपत्य. शेजारच्या राजस्थानी जैन कुटुंबातील चौघे. एक बंगाली स्नेही आणि त्यांच्या पत्नी. आणि आमच्याच कार्यालयातील वर्ध्याकडचा एक तरुण सहायक, त्याची पत्नी व त्याची आई. मातोश्री दिल्लीला प्रथमच आल्या होत्या. थंडीने अंगावर दोन शाली घेतलेल्या. त्यांनी त्या लांब मेजाकडे, वाट्यांच्या ओळीकडे आणि ओल्या फडक्याखाली झाकलेल्या गोळ्यांकडे एकवार नीट पाहिले आणि मला विचारले, “पाहुण्यांना कामाला लावता का जी, साहेब?”

मी म्हणालो, “मावशी, इथे पाहुणा कुणीच नाही. सगळी घरचीच माणसं.”

सगळे हसले. मावशीही हसल्या. माझे उत्तर मला त्या क्षणी फार शोभिवंत वाटले. आज हा लेख लिहीत आहे तो त्या उत्तराचा हिशेब देण्यासाठी.

मला या योजनेचा मोह का पडला, ते आधी सांगितले पाहिजे. कारण तो मोह अगदीच पोकळ नव्हता. आपल्या पंगतीचे गुणगान आपण परप्रांतात राहणारी माणसे जरा अधिकच करतो. केळीची पाने, रांगोळी, उदबत्त्या, मीठ कुठे आणि कोशिंबीर कुठे याचा ठरलेला नकाशा, हे सारे दूर राहून आठवताना फार रम्य वाटते. पण पंगतीत बसणाऱ्याला आग्रहाचे आणि नकाराचे असे दुहेरी भय असते. जिलबीचे ताट समोरून येताना दिसले की पानावर आडवा हात धरायचा, वाढणाऱ्याने तो हात बाजूला सारायचा, आणि या झटापटीलाच प्रेमाचे माप समजायचे, अशी आपली रीत. ज्याला एखादा पदार्थ चालत नाही त्याची अवस्था याहून बिकट होते. त्याला आपला नकार चारचौघांत उच्चारावा लागतो, आणि उच्चारलेल्या नकाराला कारण द्यावे लागते.

आमच्या त्या संध्याकाळच्या मंडळीचाच विचार करा. जैन कुटुंबाला कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. तमिळ दांपत्य शाकाहारी, पण कांद्यावर त्यांचा राग नाही. बंगाली स्नेह्यांना मासळी किंवा मांस नसलेले जेवण हे जेवणाच्या आधीचे काहीतरी वाटते. या सर्वांना एका पंगतीत बसवून एकच ताट वाढायचे म्हणजे यजमानाने एक तर सर्वांना सर्वांत कडक नियमाखाली आणायचे, नाही तर प्रत्येकाला त्याच्या नियमाची जाहीर उजळणी करावयास लावायचे. वाट्यांच्या ओळीपुढे हा पेच उरत नाही. ज्याला जे नको ते तो घेत नाही, आणि न घेणे हे नाकारणे ठरत नाही. कोणाला ते दिसतसुद्धा नाही. एकमेकांच्या श्रद्धांना न दुखवता एकत्र जेवण्याची ही युक्ती मला या देशात राहणाऱ्या माणसांसाठी मोलाची वाटली, आणि अजूनही वाटते.

दुसरा लाभ पंक्तिप्रपंचाचा. एकाच पंगतीत एकाला तूप धारेने आणि दुसऱ्याला थेंबाने वाढणे हे आपल्याकडे पाप मानले गेले आहे. कितीतरी व्यवहार विसरूनही आपल्या घरांनी हा एक नीतिनियम ध्यानात ठेवला आहे. वाढणाऱ्या हाताला आवड-निवड असते. म्हणून त्या हातावर हे बंधन. आमच्या बेतात वाढणारा हातच नव्हता. तेव्हा पंक्तिप्रपंचाचा दोष येण्याचा मार्गच बंद झाला, असे मी मानून चाललो.

आता मनात आलेली पहिली शंका सांगतो. अन्न शिजविण्याला मराठीत आपण स्वयंपाक म्हणतो, म्हणजे शब्दशः स्वतः केलेला पाक. या शब्दात एक जुनी समाजव्यवस्था दडलेली आहे. ज्याला दुसऱ्याच्या हातचे चालत नसे, तो प्रवासात आपले अन्न आपणच शिजवी. अशा माणसाचे आतिथ्य करायचे म्हणजे त्याला शिधा द्यायचा: तांदूळ, डाळ, पीठ, तूप, मीठ, आणि चुलीपुरती लाकडे. त्याने अंगणात किंवा देवळाच्या ओवरीत तीन दगड मांडून आपले अन्न करून घ्यावे. यजमानाचे कर्तव्य पार पडे, पाहुण्याचा नियम अभंग राही, दोघेही एकमेकांशी अत्यंत सौजन्याने वागत आणि दोघांमधील अंतर बोटभरही कमी होत नसे. कोणाच्या हातचे खायचे, हा प्रश्न आपल्याकडे किती जिव्हारी लागणारा होता याची साक्ष पुण्याच्या इतिहासातच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमधील एका समारंभात चहा आणि बिस्किटे पुढे आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, आणि कोणी चहा घेतला, कोणी घेतला नाही, प्रायश्चित्त घ्यावे की घेऊ नये, यावर पुढची काही वर्षे पुणे शहर पेटत राहिले. एका पेल्याने एवढे घडले, कारण तो पेला परक्या हाताने पुढे केला होता.

आमच्या मेजावरच्या वाट्या पाहताना मला शिध्याची आठवण झाली. हा शिधाच तर नव्हे? जिन्नस आमचे, हात तुमचे; चुकले तर तुमचे चुकले, साधले तर तुमचे साधले. यजमानाने जबाबदारी उचलण्यापेक्षा ती मेजावर मांडून ठेवली आणि ‘हवे ते घ्या’ असे म्हणून तो मोकळा झाला. आग्रहात कितीही दांडगाई असली तरी त्यात एक कबुली असते, की मी तुमचा विचार करून हे केले आहे आणि ते तुम्हाला आवडले नाही तर मला वाईट वाटेल. आपला पदार्थ दुसऱ्यापुढे ठेवणारा माणूस थोडा धोका पत्करतो. वाट्या मांडणारा तो पत्करत नाही.

या शंकेचे निरसन मी त्या दिवशी असे केले: निवड पाहुण्याची असली तरी तिची तयारी यजमानाचीच असते. माझ्या पत्नीने चार दिवस आधी जैन शेजारणींना विचारून घेतले होते, की आंबवलेला मैदा चालेल ना. चीज गोठविण्यासाठी काही ठिकाणी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. म्हणून तिने पाकिटावरची हिरवी खूण पाहून चीज आणले होते. कांदा, लसणाची चटणी आणि कोंबडीचे तुकडे मेजाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, वेगळ्या चमच्यांसह ठेवले होते. म्हणजे पाहुण्याच्या मोकळेपणामागे कोणाची तरी चार दिवसांची काळजी होती. शिध्यात आणि यात हा फरक आहे, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत चुकीची नव्हती. पण काळजी कोणी वाहिली याकडे तिने माझे लक्ष जाऊ दिले नाही. ‘आपल्या हाताने केलेला पिझ्झा’ या शब्दांत पाहुण्याच्या हाताची शेवटची पाच मिनिटे येतात. आदल्या रात्री मळलेला दोन किलो मैदा, दुपारी दोनपासून चिरलेल्या सहा भाज्या, परतून पाणी आटविलेली अळंबी, हे सारे त्या शब्दांच्या बाहेर राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी करपलेल्या चीजचे ट्रे खरवडणारी आमची कामवाली बाईही बाहेरच राहते.

आता त्या संध्याकाळी काय झाले ते सांगतो. पिझ्झा ही वस्तू नेपल्सची. तेथे तो करणे हा कसबी कारागिराचा धंदा आहे. त्या कसबाला युनेस्कोने २०१७ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथील लाकडाच्या भट्टीचे तापमान ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून बाहेर येतो. घरचा विजेचा ओव्हन फार तर २५० अंशांपर्यंत तापतो. त्यात एका पिझ्झ्याला १० ते १२ मिनिटे लागतात. आमच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे नीट भाजला जाई. माणसे १४, प्रत्येकाचा पिझ्झा वेगळा, प्रत्येकाला १२ मिनिटे. म्हणजे १६८ मिनिटे, पावणेतीन तासांच्या वर. तिसरीतल्या मुलाला जमेल असा हा गुणाकार. अंदाजपत्रकांतील चुका शोधण्यात ज्याची नोकरी गेली त्या माणसाला तो आधी सुचला नाही.

पिझ्झे करण्याची पहिली वीस मिनिटे आनंदाची गेली. मुलांनी मैदा नाकाला लावला. बंगाली स्नेह्यांनी जे जे दिसले ते ते आपल्या पोळीवर रचले, आणि इतक्या ओझ्याखाली पोळी मधोमध कच्चीच राहते हा धडा पुढे सर्वांना दिला. पण त्यानंतर एक रांग लागली, आणि त्या रांगेला एक माणूस हवा होता. ट्रे आत सरकवायचा, काचेतून पाहायचा, कड तांबूस झाली की बाहेर काढायचा, कोणाचा कोणता हे ध्यानात ठेवायचे, कापायचा, बशीत घालून नेऊन द्यायचा, आणि पुढचा आत सरकवायचा. माझी पत्नी ओव्हनपाशी जाऊ लागली तेव्हा सहायकाची पत्नी पुढे झाली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही बसा. मी बघते.” माझ्या पत्नीने तिचे आभार मानले. मी तर दोनदा तिचे कौतुक केले; कड कशी सुरेख भाजली आहे, असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. साडेसातला ती ओव्हनपाशी उभी राहिली. मग आम्ही गप्पांत रमलो.

सव्वादहाच्या सुमारास मावशी आपल्या जागेवरून मला म्हणाल्या, “साहेब, सगळ्यांचं झालं जी. आमच्या सुनेचं पान कुठं आहे?”

या वेळी कोणी हसले नाही. तिच्या वाट्याचा गोळा मुलांनी हत्ती करून केव्हाच संपविला होता. वाट्या जवळजवळ रिकाम्या होत्या. कोणाच्या तरी उरलेल्या दोन थंड तुकड्यांवर तिचे जेवण झाले. “मला भूकच नव्हती,” असे ती म्हणाली, आणि आम्ही सर्वांनी त्या वाक्याचा आसरा घेतला. ज्या मेजवानीत वाढणारा हात नाही म्हणून मी खूश होतो, तिच्यात पावणेतीन तास एकच हात वाढीत होता, आणि पंक्तिप्रपंच त्या हाताच्याच बाबतीत घडला होता.

‘इथे पाहुणा कुणीच नाही, सगळी घरचीच माणसं’ हे माझे वाक्य मला त्या रात्री झोपू देईना. ते वाक्य खोटे होते असे मी म्हणणार नाही. आपल्या संस्कृतीत माणसाला दोन प्रकारचे मान दिले जातात. एक पाहुण्याचा मान. तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देवाच्या जागी बसविले ते या अर्थाने. त्याला पाट द्यायचा, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, त्याने बोट हलवायचे नाही. दुसरा घरच्याचा मान. घरच्याला कोणी पाट मांडून देत नाही. त्याला सांगतात, ‘पाने घे’, ‘जरा नारळ फोड’, ‘वाढायला ये’. नवा जावई आरंभी पहिल्या मानाचा धनी असतो, आणि ज्या दिवशी सासूबाई त्याला न लाजता बाजारात पिटाळतात त्या दिवशी त्याला दुसरा मान मिळतो. बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाला या दुसऱ्या मानाची किंमत विशेष कळते. परक्या शहरात एखादे घर असे लाभावे, की तेथे आपण न विचारता चहाची पातेली ठेवावी आणि साखरेचा डबा आपल्याला सापडावा. एवढे लाभले तर ते गाव परके राहत नाही. पूर्वी परक्याला ओसरीवर थांबावे लागे आणि स्वयंपाकघर सोवळ्यात असे. आज तेथे बोलावून कोणाच्या हातात मैद्याचा गोळा देणे म्हणजे घराचा शेवटचा उंबरठा त्याच्यासाठी मोकळा करणे होय. या दृष्टीने पाहता कामाला लावणे हा सन्मान आहे.

पण हा सन्मान यजमानाने एकतर्फी हुकूम काढून देता येत नाही. समोरच्याने तो घेतला पाहिजे, आणि घेतला हे ओळखण्याची खूण एकच: त्याला तो न घेण्याची मोकळीक होती का? बंगाली स्नेही माझ्या बरोबरीचे. ते ओव्हनपाशी उभे राहिले असते तर तो त्यांचा लोभ ठरला असता. ते कोचावर बसून राहिले, तो त्यांचा हक्क होता. सहायकाच्या पत्नीला हे दोन्ही पर्याय सारखेच खुले होते का? तिच्या पतीचा वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाल माझ्या हातून जातो. तिला हे ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि ‘घरचीच माणसं’ म्हणताना ते मी विसरू शकतो. ती विसरू शकत नाही. आपल्या सरकारी वसाहतींत हे नवे नाही. साहेबांच्या घरी सत्यनारायण असला की कनिष्ठांच्या बायका पुऱ्या तळतात. मुलीच्या साखरपुड्याला कार्यालयातली मुले खुर्च्या उचलतात. ‘आम्ही त्यांना कधी परके मानलेच नाही’, असे साहेबांच्या पत्नी प्रामाणिकपणे सांगतात. त्या प्रामाणिक असतात हीच यातली अडचण आहे.

१९६४ च्या केंद्रीय आचरण नियमांत भेटवस्तूंविषयी जो नियम आहे, त्यात साध्या जेवणाला भेटवस्तू मानलेले नाही. मात्र ज्याच्याशी कामकाजाचा संबंध येतो त्याचे डामडौलाचे किंवा वरचेवरचे आदरातिथ्य स्वीकारणे टाळावे, असे सांगितले आहे. नियम शहाणपणाचा आहे. परंतु त्याचा रोख अधिकारी दुसऱ्याकडे काय खातो यावर आहे. आपल्याच घरी, आपल्याच मेजवानीत, आपण कनिष्ठाच्या कुटुंबाचा किती वेळ आणि किती हात खाल्ला, याचा जाब तो नियम विचारीत नाही. तो ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा.

कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले, की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. तो स्वतः साध्यही आहे हे प्रत्येक वेळी ध्यानात ठेवावे. या सिद्धान्तातील ‘केवळ’ हा शब्द पुष्कळदा निसटतो. आपण सगळेच एकमेकांचे हात वापरतो. त्यावाचून ना घर चालेल ना कार्यालय. दुसऱ्याचा हात वापरण्यात पाप नाही. तो हात ज्याचा, त्याच्या पोटाकडे आणि त्याच्या इच्छेकडे पाहायचे विसरलो, की ‘केवळ’ या शब्दाचा गुन्हा घडतो. मावशींनी कान्ट वाचलेला नव्हता. त्यांनी सुनेच्या पानाची चौकशी केली.

यावर कोणी म्हणेल, की मैत्रीत असला जमाखर्च मांडू लागलो तर जिव्हाळ्याचे काय उरणार? मित्र कधी हिशेब ठेवीत नाहीत. हे खरे आहे, आणि मित्रांना ते परवडते, कारण ते बरोबरीचे असतात. आज याने केले, उद्या तो करील. जेथे बरोबरी नाही तेथे हिशेब वरच्याने ठेवावा, म्हणजे खालच्याला तो ठेवावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी त्या तरुणाला बोलावून म्हटले, की काल आमच्याकडून चूक झाली, तुमच्या पत्नी उपाशी राहिल्या. तो गडबडून उभा राहिला. “नाही सर, तिला अशी कामं आवडतात,” असे म्हणाला. कदाचित ते खरेही असेल. पण दुसरे कोणतेही उत्तर त्याला देणे शक्य नव्हते, तेव्हा त्या उत्तराची किंमत मला कधीच कळणार नाही. वरिष्ठाच्या क्षमायाचनेत हा दोष असतो: क्षमा करण्याचे कामही ती कनिष्ठावरच टाकते. मी विषय वाढविला नाही. चूक शब्दांत दुरुस्त होण्याजोगी नव्हती. पुन्हा मेज मांडूनच ती दुरुस्त करता येणार होती.

चैत्राच्या आरंभी आम्ही त्याच मंडळींना पुन्हा बोलाविले. या खेपेस आधी गुणाकार केला. १४ गोळ्यांऐवजी सव्वा किलो मैद्याचे ८ मोठे गोळे. पोळ्या दुपारीच मी थापल्या आणि नुसत्याच चार-चार मिनिटे भाजून ठेवल्या. म्हणजे संध्याकाळी सहा-सात मिनिटांत काम व्हावे, आणि दोन ट्रे वर-खाली ठेवून मध्ये त्यांची अदलाबदल करता यावी. चार खेपा, अर्धा तास. पहिल्या चार पिझ्झ्यांत कांदा, लसूण, मांस काहीच नाही, म्हणजे ते सर्वांना चालावेत; उरलेले चार ज्याच्या त्याच्या आवडीचे. आणि मुख्य बदल असा, की कोणाचा पिझ्झा एकट्याचा नाही. ज्याने रचला त्याचे नाव त्याला, पण बाहेर आला की ८ तुकडे करून ताट सर्वांपुढे फिरवायचे. ओव्हनपाशी मी उभा राहिलो. मेजापासून दूर, खिडकीजवळ, दोन आरामखुर्च्या मांडल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, की ज्यांना काही करायचे नसेल त्यांची जागा ती.

हा बदल मला सुचला तो काल्यावरून. कृष्णाने रानात सवंगड्यांच्या शिदोऱ्या सोडविल्या, कोणाची भाकरी, कोणाचे दही, कोणाचे लोणचे, सारे एकत्र कालविले आणि वाटून दिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वारकऱ्यांच्या सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपुऱ्यात काला झाल्यावरच पालख्या परतीची वाट धरतात. शिध्यात प्रत्येकाचे हात मोकळे असतात, पण प्रत्येकाची चूल वेगळी. पंगतीत पाने एका ओळीत असतात, पण एकाने द्यायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे हे आधीच ठरलेले. काल्यात प्रत्येकाने काहीतरी आणलेले असते आणि कोणी आपलेच खात नाही. आमचा पहिला बेत शिध्याच्या जातीचा होता. दिसायला एकत्र, पण आपापल्या बशीपुरता. त्याला काल्याकडे नेता येते का, हे मला पाहायचे होते.

पूर्ण नेता आले असे म्हणवत नाही. जैन कुटुंबाच्या पिझ्झ्याचे तुकडे सर्वांनी खाल्ले, शेवटच्या चार पिझ्झ्यांतले त्यांना घेता आले नाहीत. काल्याचे पूर्ण कालवण आपल्या आजच्या संमिश्र जगात होत नाही, आणि होण्याचा आग्रहही नसावा. परंतु एक फरक पडला. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकजण आपला पिझ्झा केव्हा येतो याकडे डोळे लावून बसला होता. या वेळी प्रत्येकाला आपण केलेला दुसऱ्याला आवडतो की नाही याची हुरहूर होती. बंगाली स्नेह्यांनी आपल्या पोळीवर तीनच जिन्नस घातले. पदार्थ दुसऱ्यापुढे ठेवण्याचा जो धोका यजमान घेतो, तो त्या दिवशी १४ जणांत थोडा थोडा वाटला गेला.

सहायकाची पत्नी काही वेळ त्या आरामखुर्चीत बसली होती. मग आपण होऊन उठली, एक पिझ्झा रचला, माझ्या हातात ट्रे दिला आणि पुन्हा माझ्या कन्येशी बोलत गच्चीवर निघून गेली. ट्रेकडे तिने वळूनही पाहिले नाही. ओव्हनपाशी अर्धा तास उभे राहिल्यावर पाठीला काय होते ते मला त्या दिवशी कळले. तिला पावणेतीन तासांत काय झाले असेल, याचा अंदाज करता आला.

मावशी खिडकीजवळच्या दुसऱ्या खुर्चीत शेवटपर्यंत बसून होत्या. त्यांनी एका वाटीलाही हात लावला नाही. ताट फिरत आले की त्या तुकडा उचलीत, सावकाश खात, आणि सुनेच्या बशीकडे एकदा पाहून घेत. निघताना त्या दारात थांबल्या. मला वाटले, आता चार गोड शब्द कानी पडणार.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “पोळीत मीठ कमी होतं जी.”

त्यांचा मुलगा ओशाळला. मला मात्र फार बरे वाटले. पाहुण्याने मीठ कमी आहे असे म्हणू नये असा संकेत आहे, आणि साहेबाच्या घरी तर ते कोणीच म्हणू नये असा त्याहून जुना संकेत आहे. हे दोन्ही मोडणारी माणसे फक्त घरचीच असतात. शिवाय त्यांचे म्हणणे खरे होते. दुपारच्या घाईत मी मीठ अंदाजाने घातले होते. आता मी ते वजन करून घालतो: १ किलो मैद्याला २० ग्रॅम.